पैठणच्या उन्हाळ्यात बॉल पायथन

बॉल पायथन पाळण्याविषयी जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी केलेलं, आणि त्यात सगळा जोर सापाला ऊब कशी द्यायची यावर. त्यांच्या घरात ते बरोबरच आहे. पैठणात मात्र एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, आणि हा साप पस्तिसाच्या वर फार वेळ तग धरत नाही. म्हणजे आपली अडचण नेमकी उलटी. होळीपासून मृगापर्यंत साप गार कसा ठेवायचा, त्याच महिन्यांत कोरड्या ठणठणीत हवेत ओल कशी टिकवायची, हे आपले प्रश्न. ऊब लागते ती दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढे थोडे दिवस, तीही रात्रीची.

माझ्याकडे एक मादी आहे, नाव लाडू. भ्याली की डोकं मध्ये घेऊन स्वतःभोवती अशी घट्ट वळून बसते की दुसरं नाव सुचलंच नाही. इंग्रजीतलं ‘बॉल’ही त्यावरूनच आलंय. लांबी सव्वाचार फूट, वजन चौदाशे ग्रॅमच्या आसपास. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली: घाना, टोगो, बेनिन या भागातली. तिथल्या गवताळ माळावर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढायचा, अंधार पडला की बाहेर पडायचं. एवढं ध्यानात धरलं तरी अर्ध्या गोष्टी आपोआप उलगडतात. बिळात अंधार असतो, हवा दमट असते आणि अंगाला चारी बाजूंनी भिंत लागते. पेटीत आपण जे काही करायचं ती त्या बिळाचीच नक्कल.

आणण्याआधी आयुष्याचा हिशोब मांडा. नीट ठेवलेला बॉल पायथन पंचवीस-तीस वर्षं सहज काढतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय किमान बासष्ट असावं असा अंदाज होता. नववीतल्या पोराच्या हट्टापायी साप घेणाऱ्यांनी पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणावं: पोरगा शिकायला पुण्याला जाणार, नोकरीला बेंगळुरूला जाणार, आणि साप राहणार आई-बापाकडे.

मग कागद. आपल्या मातीतला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडून घरात ठेवला तर तीन ते सात वर्षांची कैद, तिथे चर्चेला जागाच नाही. बॉल पायथन परदेशी. त्याचा देशोदेशीचा व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, कायद्यात अशा जातींसाठी चौथी अनुसूची आली. पाठोपाठ २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम निघाले आणि असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं सक्तीचं झालं. जुन्या प्राण्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने ताब्यात आलेल्याला तीस दिवसांची. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला, साप मेला, प्रत्येक वेळी कळवावं लागतं. लाडू ज्यांच्याकडून आली त्या पुण्याच्या ओळखीच्या कुटुंबाने २०२० च्या स्वेच्छा घोषणा योजनेत तिची माहिती दिलेली होती. तो कागद सापाबरोबरच माझ्या हातात आला, म्हणून पुढची नोंद सोपी गेली.

‘साप आज घ्या, कागद नंतर पाठवतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले होते. पाकिटातून प्रवास केलेलं असं पिल्लू बाजारात पोहोचतं ते तहानेलं आणि गोचिडांनी भरलेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मरतं तेव्हा घेणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमलं नाही.

पेटी पैठणातच करून घ्या, बाहेरून मागवायची काही गरज नाही. वाढलेल्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. सुताराकडून प्लायचं खोकं आणि खिडक्यांची सेक्शन करणाऱ्याकडून पुढे सरकत्या काचा, मध्ये दुकानातल्या शोकेसला असतं तसलं कुलूप. हे कुलूप ऐनवेळी खर्च वाचवायला गाळायची गोष्ट नाही. साप काच ढकलून सरकवतो. पिल्लू असेल तर बोटभर फटीतून निघून जातं. आतून पॉलिश करून पेटी तीन-चार आठवडे उघडी वाऱ्याला ठेवा. नव्या प्लायचा आणि पॉलिशचा वास आपल्या डोळ्यांना झोंबतो तोवर साप आत सोडू नये. हवेसाठी बाजूला बारीक भोकांच्या रांगा, एक खाली आणि समोरच्या अंगाला एक वर, म्हणजे वारा आडवा फिरतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पिल्लासाठी मात्र एवढी मोठी मोकळी पेटी नको. झाकण पक्कं बसणारा प्लॅस्टिकचा डबा, भोकं पाडलेला, तेवढा पुरतो. पिल्लाला मोकळ्या जागेचं अप्रूप नसतं, भीती असते.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवली तर साप लपणं आणि योग्य तापमान यांत लपणं निवडतो आणि आजारी पडतो. बाजारात यासाठी प्लॅस्टिकच्या गुहा मिळतात. मी कुंभाराकडून करून घेतल्या. छोटा बसका माठ, आणि आव्यात घालण्याआधी, माती ओली असतानाच, त्याच्या पोटाला खालच्या बाजूने एक अर्धगोल दार कापून घेतलं. दार किती मोठं? साप जिथे सगळ्यात जाड आहे त्याहून जेमतेम मोठं. आत वळून बसली की अंग भिंतींना टेकलं पाहिजे. कुंभाराने विचारलं, कोंबडीसाठी का? मी हो म्हटलं. सगळीकडे सगळं सांगत बसायचं नसतं.

तळाला नर्सरीत मिळणारं कोकोपीट, खत न मिसळलेलं, दोन इंच. देवदाराचा किंवा चीडचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वासनळी बिघडते. नवा साप पहिले दोन महिने नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवलेला बरा, म्हणजे शी कशी आहे, गोचिडं आहेत का, ते लगेच दिसतं. पाण्याचं भांडं जड हवं. दगडी उखळासारखं, अंग बुडेल एवढं. हलकं भांडं रोज पालथं मिळतं.

मुंग्यांचं काय? जुन्या घरांत दुधा-तुपाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, त्याच पेटीच्या पायांखाली ठेवा. मुंग्यांचा खडू, डांबरगोळ्या, डासांची अगरबत्ती, कापूर यांतलं काहीही त्या खोलीत नको. एवढ्याशा बंद हवेत ती विषारी वाफ थेट सापाच्या फुप्फुसात जाते.

आता उन्हाळा. आकडे एकदाच सांगते, ते पेटीवर चिकटवून ठेवा: उबदार टोक एकतीस ते तेहतीस अंश, गार टोक पंचवीस ते सत्तावीस, ओल साठ टक्क्यांच्या आसपास. दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर, त्यांतलं निदान एक ओल दाखवणारं. हात लावून ‘बरंय’ म्हणणं चालत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात माझी चूक झाली. पेटी वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खोलीत होती, हीटर अर्थातच बंद. दुपारी जेवून आम्ही सगळे खाली आडवे झालो. साडेचारला वर गेले तर गार टोकाचा आकडा सदतीस, आणि लाडू माठात नाही, कोकोपीटवर नाही, पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडून, नाक तेवढं वर. बॉल पायथन अंग बुडवून बसला की तीनच गोष्टी असतात: गोचिडं, कात, नाहीतर उकाडा. मी पेटी तशीच उचलून जिन्याने खाली आणली, नवऱ्याला हाक मारायचंही सुचलं नाही. स्लॅबची आणखी एक खोड त्या दिवसांत कळली. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत खोलीत ओततो, त्यामुळे सूर्य मावळला म्हणून धोका टळला असं होत नाही.

तेव्हापासून लाडूचं उन्हाळ्याचं बिऱ्हाड मागच्या जुन्या घरात. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद. बाहेर बेचाळीस असताना माजघरात तेहतीस-चौतीस, आणि जमिनीलगत त्याहून दोन अंश कमी. आपल्याकडे अनेकांनी असली घरं पाडून स्लॅब टाकले. ज्यांच्याकडे एखादी खोली उरली आहे त्यांनी पेटी तिथेच ठेवावी, तीही जमिनीवर, टेबलावर नव्हे. माळवदाचं घर नसेल तर तळमजला, उत्तरेची किंवा मधली खोली, पश्चिमेची भिंत नको. पत्र्याखाली मुळीच नको. तेवढीच जागा असेल तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही, राग मानू नका.

तेहतीसच्या खोलीत गार टोक सत्तावीसवर कसं आणायचं? इथे तो माठ कामाला येतो. भट्टीतून आलेला साधा माठ, वरून लेप न दिलेला, परातीत ठेवायचा आणि सकाळ-दुपार बाहेरून पाणी शिंपडून ओला करायचा. नाथसागराचं एवढं पाणी शेजारी असूनही मराठवाड्यातली उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की माठाच्या अंगावरून पाणी झपाट्याने उडतं आणि आतली हवा तीन-चार अंशांनी उतरते. पिण्याचं पाणी गार होतं त्याच न्यायाने साप गार होतो. वर हवेची ओलही वाढते, म्हणजे एका पाण्यात दोन कामं. परातीतलं साचलेलं पाणी रोज ओतून टाका. पेटीच्या वर ओलं गोणपाट टाकलं तर आणखी फरक पडतो, फक्त भोकं झाकली जाऊ नयेत. खोलीत कूलर लावा पण झोत पेटीवर नको. फार झालं तर गोठवलेल्या पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा. सापावर थंड पाणी ओतणं, त्याला फ्रिजसमोर धरणं असले प्रकार करू नका. वीज गेली आणि कूलर बंद पडला तर ओलं गोणपाट आणि बाटली यांवर दुपार निघते. आमची कित्येकदा निघाली आहे.

पाऊस सुरू झाला की हेच सगळं बंद करायचं, आणि लोक नेमकं ते विसरतात. हवेतच ओल ऐंशीच्या वर असते, त्यात माठ ओला, गोणपाट ओलं, आणि पोटाखालचे खवले तपकिरी पडून कुजायला लागतात. श्रावणात माठ कोरडा, कोकोपीट पातळ, हवा खेळती.

थंडीत पैठणला पहाटे दहा-अकरा अंश होतात. पेटीच्या एका टोकाला खालून हीट मॅट, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही नाही. थर्मोस्टॅट महागडा लागत नाही. कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्राला जो लावतात तोच, काही शे रुपयांत मिळतो. त्याची तार मॅट आणि तळाच्या मध्ये बसवून बत्तीसला लावा. थर्मोस्टॅट नसलेली मॅट पन्नास अंशांपर्यंतही तापू शकते, आणि सापाला पोटाखालचं चटका बसेपर्यंत कळत नाही, तो तिथेच पडून राहतो. आत उघडा बल्ब लावणार असाल तर त्याला जाळीचं टोपरं हवंच, कारण साप त्याला वेढा घालतो. रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलमध्ये.

खाण्याचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो: दूध पितो का? नाही. कुठलाच साप पीत नाही. नागपंचमीला तहानेने व्याकूळ झालेल्या सापापुढे पाणी ठेवा नाहीतर दूध, तो तोंड घालतो, आणि दूध पोटात गेलं की त्रास होतो. दुसरा प्रश्न: मग मटण? तेही नाही. कसायाकडचं मांस, कलेजी, अंडी, यांतल्या कशानेही भागत नाही. सापाला अख्खा प्राणी लागतो, कातडं, हाडं, आतडी, केस यांसकट; कॅल्शियम हाडांतून आणि जीवनसत्त्वं काळजातून येतात. म्हणून उंदीर. कोंबडीची एक दिवसाची पिल्लं लाडूने नाइलाजाने खाल्ली आहेत, पण त्याने शी पातळ होते आणि पुन्हा उंदराकडे वळवायला महिना जातो.

उंदीर म्हणजे पांढरे, पैदाशीचे. शेतातले किंवा घरातले पकडून घालू नका, हे मी पैठणकरांना हात जोडून सांगते, कारण ते फुकट आणि मुबलक आहेत. उसाच्या आणि बाजरीच्या शेतात झिंक फॉस्फाइड टाकतात, घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सहज हाती लागतो, म्हणजे जो पकडला जातो तोच नेमका घातक. पुण्या-मुंबईकडे पांढऱ्या उंदरांची पैदास करणारे आहेत. मी दोन महिन्यांचा साठा एकदम गोठवलेला आणते, थर्माकोलच्या पेटीत, एसटीत मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, आइस्क्रीम का?

जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. एक तर ते क्रूर, दुसरं म्हणजे सापाला भूक नसली की बाजू उलटते. रात्रभर कोंडलेला उंदीर सापाची पाठ कुरतडतो, आणि साप पळून जाऊ शकत नाही. पाठीचा कणा उघडा पडलेला साप मी पाहिला आहे. मेलेला, गोठवून ठेवलेला उंदीर बॉल पायथन खातो; सवय लावावी लागते एवढंच.

किती आणि कधी? ठरवायला स्वयंपाकाचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा लागतो, आणि एक वही. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला आठवड्यातून एकदा दहा ते पंधरा ग्रॅमचा उंदीर. अर्धा किलो ओलांडला की दहा-बारा दिवसांनी, वजनाच्या सात ते दहा टक्के. पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी पाच टक्के. लाडू चौदाशे ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅमचा एक उंदीर. डोळ्याने ठरवायचं तर उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका, त्याहून जाड नको. आपल्याकडे खाऊ घालण्यात माया असते, त्यामुळे पाहुणे आले की ‘बिचारीला एक आणखी द्या ना’ सुरू होतं. जंगलात हा साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो. घरात तो उपासाने मरत नाही, चरबीने मरतो. शेपटीकडच्या भागावर वळ्या दिसू लागल्या किंवा अंग वळताना खवल्यांच्या मध्ये कातडं दिसू लागलं की समजा आपलंच जास्त होतंय.

रीत अशी. आदल्या रात्री उंदीर पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच पिशवी गरम पाण्यात, पाणी हाताला सोसेल इतपत, वीस-पंचवीस मिनिटं. पोट दाबून बघा, आत बर्फाचा गोळा लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. मग कोरडा पुसून फक्त डोकं केस वाळवायच्या यंत्राने आणखी गरम करा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खळग्यांची रांग असते. अंधारात त्याला उंदीर ‘दिसतो’ तो अडतीस-चाळीस अंशांचा एक ठिपका म्हणून. गार उंदीर त्याच्या लेखी दगड.

दिवा मालवा. फूटभर लांब चिमट्यात उंदीर शेपटीकडून धरा, हाताने कधीही नाही, आणि माठाच्या दारापासून वीतभर अंतरावर हलकेच हलवा, चालतोय असा. घाई करू नका. आधी जीभ येईल, मग डोकं दारात येऊन थांबेल, मानेचा इंग्रजी एस होईल. तिथे आपण श्वास रोखतो. मग काय झालं ते दिसत नाही, फक्त चिमटा हलका होतो आणि वेढ्यात उंदीर असतो. मेलेल्या उंदरालाही ती दहा मिनिटं आवळून धरते, मग डोकं कुठे ते चाचपत डोक्याकडूनच गिळते. झालं की दोन-तीन जांभया. त्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो. ओकला तर दोन आठवडे काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, आणि आधी तापमान तपासा, कारण बहुतेक वेळा पेटी गार पडलेली असते. घेतलाच नाही तर माठाच्या दाराशी ठेवून निघून या. थंडीत सकाळपर्यंत चालेल, उन्हाळ्यात मात्र तीन तासांत उचला, वास सुटतो.

आणि उपास. बॉल पायथन पाळणाऱ्या प्रत्येकाची झोप उडवणारी गोष्ट हीच. दिवाळीनंतर एके दिवशी तो खाणं सोडतो, आठ-दहा आठवडे, कधी त्याहून जास्त. लाडूने एका हिवाळ्यात अकरा आठवडे तोंड फिरवलं. मी काटा पुढे ओढून दर रविवारी वजन केलं: चौदाशे वीसवरून तेराशे पासष्ट. पंचावन्न ग्रॅम, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. दहा टक्के उतरेपर्यंत, साप तरतरीत आहे, जीभ काढतोय, तोवर काही करायचं नसतं. दर पंधरवड्याला एकदा विचारायचं, नको म्हणाली तर काच लावायची. रोज उंदीर नाचवून दाखवला की साप आणखी बिथरतो. तोंड उघडून कोंबणं तर जनावरांच्या डॉक्टरांशिवाय कुणी करू नये. श्वास घेताना शिट्टी वाजली, तोंडाशी बुडबुडे दिसले, डोकं वर धरून बसू लागला तर उपासाचा विषयच नाही, फुप्फुसाचा आहे, आणि डॉक्टर गाठायचा. इथला जनावरांचा दवाखाना गाई-म्हशींचा. साप बघणारे डॉक्टर शहरात शोधावे लागतात, तेव्हा त्यांचा नंबर साप आणायच्या आधीच मिळवून ठेवा.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी होतात. तेवढे आठ-दहा दिवस ओल सत्तरवर न्या आणि हात लावू नका. कात एका तुकड्यात, डोळ्यांवरच्या दोन टिकल्यांसकट निघाली पाहिजे. तुकड्या-तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी होती.

एक घरगुती नियम: साप हाताळला की साबणाने हात, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला असतो. पेटीतली भांडी मोरीत धुवायची, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नका.

सगळ्यात मोठी भीती सापाला काय होईल याची नाही, साप बाहेर निघाला तर त्याचं काय होईल याची. गडद अंगावर फिकट तपकिरी ठिपके, आखूड जाड शरीर: गल्लीत अंधारात ज्याला दिसेल त्याला ती घोणसच वाटणार, आणि त्याची काठी थांबणार नाही. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत असतात, फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. लाडूचे खवले गुळगुळीत आणि ठिपके वेडेवाकडे. पण हे काठी घेतलेल्या माणसाला कोण सांगणार? म्हणून शेजारच्या चार घरांना मी आधीच फोटो दाखवून ठेवला आहे, गावातल्या सर्पमित्राला कल्पना आहे, आणि वन विभागाचा १९२६ हा नंबर दाराच्या आत लिहिलेला आहे. पेटी रिकामी दिसली तर आधी खोलीचं दार लावा, फटीत पंचा कोंबा, मग शोधा. तो लांब जात नाही. फ्रिजच्या मागे, गादीच्या घडीत, कपाटाखाली सापडतो, जिथे ऊब आणि अडचण आहे तिथे.

हीच गल्लत उलटीही होते, आणि ती जिवावर बेतते. ऊसतोडीच्या वेळी किंवा कालव्याच्या कडेला ‘अजगराचं पिल्लू’ सापडलं म्हणून उचलणारे लोक घोणशीला हात घालतात. माझ्याकडे साप आहे हे कळल्यापासून लोक मला असे फोटो पाठवतात, आणि त्यांतले बरेच घोणशीचे असतात. एकच उत्तर देते: मागे व्हा, नंबर फिरवा.

जमेनासं झालं तर? नाथसागराच्या काठी नेऊन सोडायचा विचारही नको. १९८६ पासून तो परिसर पक्षी अभयारण्य आहे. सोडलेल्या परदेशी सापांनी काय होतं हे फ्लोरिडाने बघितलंय. तिथे एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ब्रह्मी अजगरांनी ससे-रकून जवळजवळ संपवले. आपल्याकडे बॉल पायथन बहुधा पहिल्या थंडीतच मरेल किंवा मारला जाईल, पण तो त्याचाही छळच. नोंद असलेला साप रीतसर कळवून दुसऱ्या माणसाला देता येतो. आणखी काही सुचलं नाही तर वन विभागाला कळवा.

गोठवलेले उंदीर ठेवायचे कुठे, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना वाद. सासूबाई माळकरी. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वच्छ सांगितलं, “अगं, साप राहू दे, तो देवाचा जीव. पण माझ्या फ्रिजात ते नको.” मी जुना बाजार धुंडाळून एक छोटा फ्रिज आणला, मागच्या घरात ठेवला, त्याला कुलूप लावलं. तुमच्याकडे कुणी माळकरी नसलं तरी हे करा. मुलं बर्फाच्या कप्प्यात हात घालतात.

नाथषष्ठीच्या यात्रेला घर दिंडीतल्या पाहुण्यांनी भरतं. तीन दिवस टाळ-मृदंग, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि सापाला आवाज कमी, जमिनीची थरथर जास्त कळते. त्या दिवसांत मी खायला घालत नाही, पेटीखाली जाड चादर घालते, खोलीला कुलूप. ज्या वर्षी तो अकरा आठवड्यांचा उपास चालला होता त्या वर्षी काल्याच्या रात्री पाहुणे झोपल्यावर मी सहज म्हणून उंदीर गरम केला. मागच्या घरात गेले तर सासूबाई आधीच दाराशी उभ्या. म्हणाल्या, “खाईल का गं आज?” आत आल्या नाहीत, पण मी दिवा मालवला आणि चिमटा हलका झाला तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला, “घेतला?”

वहीत त्या दिवशीची नोंद आहे: पासष्ट ग्रॅम, रात्री अकरा वीस.